शॉर्टफिल्म दाखवली की प्रत्येक जण वेगळंच सांगतो. विद्यार्थ्याने कुणाचं ऐकायचं?

फिल्म चालू असताना हॉलकडे बघा. दिवे लागल्यावर लोक जे बोलतात, त्यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की वर्गात फिल्म दाखवल्यावर निम्म्यांना शेवट आवडला, निम्म्यांना तो कळलाच नाही आणि सर म्हणाले, ‘स्लो आहे, दोन मिनिटं काप.’ मी संकलक आहे. विद्यार्थ्यांच्या फिल्म्स बऱ्याच हाताखालून जातात, त्यामुळे हा तिढा ओळखीचा आहे.

आधी बसायची जागा बदला. शेवटच्या रांगेत बसून आपलीच फिल्म कितीदा बघणार? पुढे, कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे मान वळवली की चेहरे दिसतात. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. घरी आल्यावर तो आवाज एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर फिल्मच्या खाली टाकून जुळवून घ्या. खुर्च्या कुठे करकरल्या, हशा नेमका कुठल्या शॉटवर आला, खोकले कुठे सुरू झाले, सगळं डोळ्यांसमोर येतं. (गोष्टीत गुंतलेला माणूस खोकला दाबून धरतो. कंटाळलेला मोकळा खोकतो.)

हशा आला म्हणून हुरळून जाऊ नका, कुठे आला ते बघा. हॉलिवूडचा दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’ या चित्रपटाची (१९५०) सुरुवात मुळात शवागारात होती. तिथली प्रेतं आपण कसे मेलो ते एकमेकांना सांगायची. प्रदर्शनाआधी अमेरिकेत इव्हान्स्टनला ती दाखवली, तर प्रेताच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधताच प्रेक्षक हसत सुटले. तिथे हसलेला माणूस पुढची शोकांतिका मनावर कशी घेणार? वाइल्डरने अख्खा प्रसंग काढून टाकला आणि सुरुवात नव्याने चित्रित केली.

जिथे हशा हवा होता तिथे आला, तर वेगळी अडचण. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, मग पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावरचा थांबत नाही, आणि पुढचं वाक्य हशात बुडतं. मार्क्स बंधू या हॉलिवूडच्या विनोदी नटांनी ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’चे (१९३५) प्रसंग शूटिंगच्या आधी रंगमंचावर करून पाहिले होते, हशा किती वेळ टिकतो ते मोजत. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ही माहिती आयती मिळते. वाक्य बुडत असेल तर मधे एखादा रिअ‍ॅक्शन शॉट, म्हणजे ऐकणाऱ्या पात्राचा चेहरा, टाका.

आता ‘शेवट कळला नाही’बद्दल. वॉल्टर मर्च हे नावाजलेले संकलक, त्यांनी यावर दुखण्याचं उदाहरण दिलंय: रोगी म्हणतो कोपर दुखतंय, पण नस दबलेली असते खांद्याशी. एका विद्यार्थिनीच्या फिल्मवर काम करताना मी हे जवळून पाहिलं. म्हातारी बाई वारलेल्या नवऱ्याचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला तहसील कचेरीत जाते. रांगेत ताटकळते, नंबर आल्यावर कार्ड खिडकीत सरकवते आणि मग तेच ओढून घेऊन घरी परतते. इतकीच गोष्ट. ‘ती परत का फिरली?’ बहुतेकांचा हाच प्रश्न. कुणी म्हणालं व्हॉइसओव्हर टाका, कुणी म्हणालं बाईला रडवा. मी एकेकाला गाठून एवढंच विचारलं, तिला नाव कुणाचं कमी करायचं होतं? ‘लग्न झालेल्या मुलीचं असेल.’ ‘सुनेचं?’ नवरा गेलाय हे सांगणारा हार घातलेला फोटो सुरुवातीला कपाटाआड अर्धा झाकलेला होता आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत शॉट संपायचा. बाई पदराने त्या फोटोची काच पुसते, असा पुढचा तुकडा फुटेजमध्ये होता. तिथपर्यंत शॉट लांबवला. शेवटाला हातही लावला नाही, तरी त्याबद्दलची तक्रार थांबली.

रांगेचा प्रसंगही आधी ‘स्लो’ वाटत होता. तोही तसाच ठेवला, आणि नाव कुणाचं हे कळल्यावर लोक त्याच रांगेत चिडीचूप बसले. कशाची वाट बघायची हे ठाऊक नसलं की अर्धा मिनिटही जड जातो. तेव्हा सर सांगतात ती दोन मिनिटं कापायच्या आधी खोकले कुठे सुरू होतात ते शोधा आणि त्याच्या मागच्या प्रसंगात काय सांगायचं राहिलंय ते तपासा.

‘कशी वाटली?’ हा प्रश्न मात्र टाळा. त्याचं उत्तर ‘छान’ येतं, नाहीतर कलर ग्रेडिंगवर, म्हणजे रंगांच्या छटांवर, व्याख्यान. गोष्ट सांगायला लावा. आणि हॉलमध्ये आपलीच पोरं भरू नका. पुरुषोत्तम करंडकाला ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकायला मजा येते, पण एकांकिका कशी झाली ते त्यावरून कळत नाही. आईबाबांना जरूर दाखवा, ते खर्च किती आला एवढंच विचारतील.

जमलं तर फिल्म जिथली आहे तिथे दाखवा. रेशनकार्डाची फिल्म त्या मुलीच्या गावी समाजमंदिरात, चादर बांधून दाखवली. म्हातारीने खिडकीत कार्ड सरकवलं तशी एक बाई मोठ्याने म्हणाली, ‘अगं मूळ कार्ड कशाला देतीस, झेरॉक्स दे की!’ वर्गात त्या जागी काहीही झालं नव्हतं. असं पात्राशी बोलणारं माणूस भेटलं तर ती प्रतिक्रिया जपून ठेवा.

महोत्सवातल्या हशावर फार विसंबू नका. मुंबईच्या मिफसारख्या लघुपट-माहितीपटांच्या महोत्सवात शॉर्टफिल्म्स एकापाठोपाठ लागतात. आधीची काळीज पिळवटणारी असली तर तुमच्या फुटकळ विनोदालाही हॉल दणाणतो.

यूट्यूबवर टाकलीत तर रिटेन्शनचा आलेख मिळेल, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती प्रेक्षक टिकले ते दिसेल. सुरुवातीला तो पडतोच, त्याने खचू नका. मधेच उंचवटा दिसला तर बहुधा लोक मागे जाऊन तो भाग पुन्हा बघतायत. शॉट भारी जमला म्हणून खूश होण्याआधी हेडफोन लावून तिथला संवाद ऐका, बऱ्याचदा तो नीट ऐकूच येत नसतो.