ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये एक्सेलचा तक्ता कसा टाकावा, म्हणजे लिंक तुटणार नाही आणि प्रिंटही नीट येईल?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: सळईचा तक्ता एक्सेलमध्ये बनवता, कॉपी करून ऑटोकॅडमध्ये पेस्ट करता, स्वतःच्या मशीनवर सगळं छान दिसतं. पण पेन ड्राइव्ह घेऊन प्लॉटिंगच्या दुकानात गेलं की अक्षरं धुरकट, कधी खालच्या चार ओळी गायब. लिंक करून बघितली तर दुसऱ्या मशीनवर मूळ फाइल सापडत नाही. वर लोगोच्या जागी नुसती चौकट.

मी लातूरला स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं छोटं ऑफिस चालवतो. या तिन्ही खड्ड्यांत मी पडलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंट्रोल सी, कंट्रोल व्ही केल्यावर ड्रॉइंगमध्ये जे येतं तो ऑटोकॅडचा तक्ता नसतोच. ते ओएलई ऑब्जेक्ट असतं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामची वस्तू ड्रॉइंगमध्ये आणून बसवलेली. दिसतं ते एक्सेलने काढून दिलेलं चित्र, आणि त्या चित्राच्या पोटात तुमचं वर्कबुक. पोटात म्हणजे अख्खं वर्कबुक. तुम्ही दहा ओळी निवडल्या म्हणून दहाच ओळी गेल्या, असं होत नाही.

हे मला कळलं ते असं. एमआयडीसीतल्या एका शेडचं काम होतं. माझ्या वर्कबुकात चार शीट: बीबीएस (म्हणजे सळईचा तक्ता), वजन, दर आणि शेवटची माझ्या फीचा हिशोब. बीबीएसचा तेवढा तुकडा ड्रॉइंगवर टाकला आणि डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, ठेकेदाराला मेल केली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. ‘सर, सळईचा दर तुम्ही लई वर धरलाय की. अन् पार्टीकडून तुम्ही किती घेणार, तेबी बघितलं.’ त्याने काहीच केलं नव्हतं, तक्त्यावर डबल क्लिक केलं होतं. एक्सेल उघडलं, खाली चार टॅब. पुढे भाव ठरवायला बसलो तेव्हा माझे पत्ते आधीच उघडे होते, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून माझा नियम असा की एम्बेड, म्हणजे असं वर्कबुक पोटात घालून, करायचंच असेल तर आधी नवं कोरं वर्कबुक काढायचं, त्यात तेवढाच भाग फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचा आणि तिथून ड्रॉइंगमध्ये न्यायचा. पण खरं सांगायचं तर बाहेर जाणाऱ्या ड्रॉइंगमध्ये मी आता एम्बेड करतच नाही.

मग लिंक? पेस्ट स्पेशलमध्ये पेस्ट लिंक घेऊन एक्सेलचंच ऑब्जेक्ट ठेवलं, तर ड्रॉइंगमध्ये राहतं शेवटचं चित्र आणि मूळ फाइलचा पत्ता. तो पत्ता तुमच्या डी ड्राइव्हचा. दुकानातल्या मशीनला तुमची डी ड्राइव्ह कुठून दिसणार? ते जुनंच चित्र दाखवत राहतं, आणि जुनं चित्र दिसायला अगदी नव्यासारखंच असतं. माझ्या एका कामात कॉलमच्या टोकाच्या रिंगांचं अंतर एक्सेलमध्ये 150 मिलिमीटरचं 100 केलं होतं. प्लॉट काढला दुकानातून. नशीब, मिस्त्री जुना होता. त्याने फोन केला, ‘साहेब, कागदावर दीडशे हाय अन् तुम्ही काल शंभर म्हणले.’ 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्या जिल्ह्याने बघितली, तिथे रिंगांचं अंतर म्हणजे टायपिंगची चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. तो प्लॉट मी स्वतः जाऊन फाडला.

मी सध्या करतो ते हे. एक्सेलमध्ये रेंज कॉपी करा, ऑटोकॅडमध्ये पेस्ट स्पेशल उघडा, पेस्ट लिंक निवडा आणि यादीतून ‘ऑटोकॅड एंटिटीज’ घ्या. आता जे येतं तो खरोखर ऑटोकॅडचा तक्ता असतो, फक्त एक्सेलला डेटा लिंकने जोडलेला. ही सोय ऑटोकॅड 2008 पासून आहे, त्यामुळे तुमचं व्हर्जन जुनं असलं तरी बहुतेक मिळेल. तक्त्याच्या रेषा ड्रॉइंगच्या रेषांसारख्याच प्लॉट होतात, पेनची जाडी लागू होते, फॉन्ट तुमच्या टेक्स्ट स्टाइलचा ठेवता येतो. एक्सेलमध्ये बदल करून सेव्ह केलं की डेटा लिंक अपडेट करायची. आणि मुख्य म्हणजे एक्सेलची फाइल नसलेल्या मशीनवरही शेवटचे आकडे तक्त्यात जागच्या जागी असतात.

यातही दोन ठिकाणी अडायला होतं. एक, ज्या मशीनवर लिंक करायची किंवा अपडेट करायची तिथे एक्सेल असावंच लागतं, आणि 64 बिटच्या ऑटोकॅडसोबत 32 बिटचं ऑफिस असेल तर डेटा लिंक रुसते. तासभर डोकं धरून बसण्याआधी हे तपासा. दुसरं, लिंकचा पाथ रिलेटिव्ह ठेवा. त्यासाठी ड्रॉइंग आधी सेव्ह केलेलं लागतं. एक्सेल आणि डीडब्ल्यूजी एकाच कामाच्या फोल्डरमध्ये ठेवली की फोल्डर कुठेही उचलून न्या.

ड्रॉइंग बाहेर पाठवायच्या वेळी मात्र मी वेगळी कॉपी काढतो आणि तिच्यात लिंक डिटॅच करतो. तक्ता राहतो, नाळ तुटते. साइटवर गेलेल्या कागदाने नंतर आपोआप बदलू नये, असं माझं मत. बदल झाला तर रिव्हिजन नंबर वाढवा, सही करा, पाठवा. काही मित्र मला यावरून जुन्या वळणाचा म्हणतात. म्हणोत.

आता जुन्या ड्रॉइंगमध्ये ओएलई आधीच बसलेलं असेल आणि आज संध्याकाळीच प्लॉट हवा असेल, तर ओलेक्वालिटी ही सेटिंग बघा (कमांड लाइनवर इंग्रजीत सलग टाइप करायची). 0 म्हणजे एकरंगी, 1 कमी दर्जा, 2 उत्तम, 3 म्हणजे ऑटोकॅड स्वतः ठरवतं. धुरकट अक्षरांना मी 2 करतो. भोवतीची चौकट नको असेल तर ओलेफ्रेम 0 करा. 2 केलं तर स्क्रीनवर दिसते, कागदावर येत नाही. तक्ता अजिबातच दिसत नसेल तर ओलेहाइड 0 आहे ना बघा, कुणीतरी कधीतरी बदलून ठेवलेलं असतं. एक्सेलच्या फिक्या ग्रिडलाइन उमटत असतील तर त्या एक्सेलमध्येच व्ह्यूमध्ये जाऊन बंद करायच्या. सीटीबीने (रंगाप्रमाणे पेन ठरवणारी प्लॉट स्टाइलची फाइल) रंग काळा होईल ही आशा सोडा, ओएलईवर प्लॉट स्टाइल चालत नाही; अक्षरं एक्सेलमध्येच काळी करा. मोठी रेंज एकदम टाकली की खालच्या ओळी कापल्या जातात, तो ओएलईचा जुना रोग आहे. तक्ता दोन-तीन तुकड्यांत टाका.

आणि लोगोच्या चौकटीचं कारण एकदम साधं. इमेज अटॅच केली की ड्रॉइंगमध्ये चित्र येतच नाही, फक्त त्याचा पाथ येतो. चित्राची फाइल सोबत गेली नाही की चौकटीत फाइलचं नाव तेवढं दिसतं. पीडीएफ अटॅच केली तरी तेच. दुकानात जाण्याआधी ईट्रान्समिट कमांड द्या, ती चित्रं, एक्सरेफ (जोडलेली दुसरी ड्रॉइंग), फॉन्ट, सीटीबी सगळं एका झिपमध्ये बांधून देते. माझा लोगो साधा आहे, दोन वर्तुळं आणि एक बीम, म्हणून मी तो एकदाचा रेषांनीच काढून ब्लॉक करून टाकला. तुमच्या लोगोत फोटो नसेल तर अर्धा तास खर्च करा आणि मोकळे व्हा.

प्लॉटिंगच्या दुकानात तर मी आता डीडब्ल्यूजी नेतच नाही. ऑफिसातच पीडीएफ काढतो, 100 टक्क्यांवर झूम करून तक्त्याची पहिली आणि शेवटची ओळ वाचतो, आणि तीच पेन ड्राइव्हवर टाकतो.