दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने कच्छचं पांढरं रण आणि छारी ढंड तलाव होईल का? की लोणारच बरं?

तुम्ही विचारलंय की दर्यापूर तालुक्यातून दिवाळीत निघून पाच-सहा दिवसांत पांढरं रण आणि छारी ढंड दोन्ही होतील का, गाडी मिठावर नेता येते का, आणि घरचे म्हणतात तसं मीठच पाहायचं तर लोणार काय वाईट. हा शेवटचा भाग वाचला म्हणून लिहायला बसलो. आमचे साडभाऊ हेच वाक्य दर लग्नात, दर पंगतीत ऐकवतात. "मीठ पाहाले कच्छले कायले जा लागते? आपल्या हिरीतच (विहिरीतच) हाये ना!"

तर आधी एवढंच ऐका, की दिवाळीत जाऊ नका. बाकी सगळं यानंतर.

रण म्हणजे वाळू नव्हे. समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर उंच असलेलं, उतार नसलेलं चिकणमातीचं प्रचंड ताट आहे ते. पावसाळ्यात त्यात दोन बाजूंनी पाणी शिरतं. एकीकडून लुणी, बनास या नद्या आणि कच्छच्या डोंगरांतले नाले येतात. दुसरीकडून नैऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत लोटतो. बाहेर जायला वाट नाही, खालची माती पाणी जिरू देत नाही. मग पाण्याला एकच रस्ता उरतो, वर. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ राहतं. हे काम दिवाळीपर्यंत उरकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक वर्षी तिथे कुठे घोट्याएवढं तर कुठे गुडघ्याएवढं पाणी असतं आणि कडेला काळा गाळ. रण कडेकडून आत सुकत जातं. डिसेंबर संपता संपता धोरडो गावाच्या बाजूला, म्हणजे पांढऱ्या रणाची वाट जिथून आहे तिथे, पाय ठेवण्याजोगी पापडी धरते, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर ती सगळ्यात पांढरी आणि टणक असते. मार्चनंतर ऊन वाढतं, धूळ बसून मीठ मळकं दिसतं आणि क्षितिजावर नुसता धुरळा.

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे आपल्यासारख्या खाऱ्या भूजलाच्या भागातल्या, माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही खरं तर. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातली चोपण वावरं आठवा. सोडियम जास्त झालं की चिकणमातीचे कण सुटे होऊन फुगतात, बारीक भोकं बुजतात, पाणी वरच तुंबतं. वरून भेगाळलेलं, कोरडं ठाक दिसतं आणि पाऊल टाकलं की खाली लोणी. रणात तेच आहे, फक्त वर मिठाची पापडी आहे आणि ती फसवते.

आता खरी अडचण. तुम्हाला तलावही पाहायचाय. छारी ढंड हा हंगामी तलाव आहे, भुजच्या वायव्येला, नखत्राणा तालुक्यातल्या फुलाय गावाजवळ. चांगल्या पावसात भरला तर सुमारे ८० चौरस किलोमीटर पसरतो, पण खोली अगदी थोडी. २००८ साली त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे क्रौंच हजारोंनी उतरतात, कच्छी लोक त्यांना कुंज म्हणतात. शिवाय रोहित (फ्लेमिंगो), बदकं, गरुड, ससाणे. ढंडाला पाणी हवं आणि रणाला ते आटायला हवं. दिवाळीत ढंड टच्च भरलेला पण रण चिखल. मार्चात रण कोरडं पण ढंडात डबकी. म्हणून दोन्ही एका फेरीत साधायचे तर १५ जानेवारी ते १० फेब्रुवारी ही फट धरा. त्यातही त्या वर्षीचा कच्छचा पाऊस बघा, आपला नव्हे. तिकडे धो धो पडला असेल तर फेब्रुवारीकडे सरका, रण उशिरा सुकेल आणि ढंडात तोवर पाणी टिकेल. पाऊस कमी असेल तर जानेवारीच्या मध्यालाच जा. दुष्काळी वर्षी ढंडाचा हट्टच सोडा, तिथे भेगा पाहायला जायचं कारण नाही, त्या आपल्याकडे उन्हाळ्यात फुकट आहेत.

साडभाऊ गेले दिवाळीत. मुलांना सुट्टी, कंपनीचा बोनस, नवी गाडी. सांगूनही ऐकलं नाही. रणावर पाणी होतं, ते बघून चिडले आणि मोर्चा ढंडाकडे वळवला. ढंडाची कड अशी असते: पाणी ओसरल्यावर मातीचा एक पट्टा उघडा पडतो, वरचे दोन-तीन बोटं उन्हाने वाळून पापुद्रे उचकटतात, रंग फिका होतो. बाजूला म्हशींचे खूर उमटलेले दिसतात, त्यामुळे वाटतं जमीन घट्ट आहे. म्हैस गेली म्हणजे गाडी जाते, हा यांचा हिशोब. खुरांचे ठसे किती खोल आहेत हे वाकून बघितलं नाही. पुढची चाकं पापुद्रा फोडून आत गेली, यांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं जागेवर फिरून गाळ चोपडत गेली आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलं. पोट टेकलं की खेळ खलास, कारण वजन चाकांवर राहतच नाही. जॅक लावला तर जॅकच खाली गेला. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला आणि त्यालाही लांब दोर लावून कडक जमिनीवर उभं राहूनच ओढावं लागलं. घरी येऊन मात्र निकाल दिला की कच्छमध्ये काही नाही, नुसता चिखल. आणि तोच निकाल अजून पंगतीत फिरतो.

म्हणून गाडीबद्दल स्पष्ट सांगतो. मिठावर गाडी न्यायची नाही. धोरडोला रस्ता जिथे संपतो तिथे गाडी ठेवा आणि पुढे चालत किंवा उंटगाडीने जा. ढंडाला स्थानिक वाटाड्या आणि उंच जीप घ्या, चाकोरी सोडू नका. तरी कुठे कच्च्यात फसलात तर पहिलं काम ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणं. सगळ्यांना खाली उतरवा. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि दाब वाटला जातो. चाकांमागचा गाळ हाताने काढून मागच्या बाजूला उतरता चर करा, त्यात तरट किंवा गाडीतली पायपुसणी घाला. आपण बैलगाडी रुतली की चाकाखाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) घालतो तसंच, पण तिथे पऱ्हाट्या मिळणार नाहीत, वेडी बाभूळ मिळेल आणि तिचे काटे टायरला आरपार जातात. मग रिव्हर्स टाकून, हळू, आलात त्याच चाकोरीतून मागे. पुढे निघायचा प्रयत्न करूच नका. जॅक लावायचाच असेल तर त्याखाली फूटभर रुंद, जाड फळी हवी; ती घरूनच न्या. डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरा, म्हणून छोटा पंपही लागतो.

खरं तर गाडी न्यायचीच कशाला? आपल्याकडून भुज हजार किलोमीटरच्या आसपास आहे, जाण्या-येण्यात चार दिवस जातात. त्यापेक्षा अकोला किंवा बडनेऱ्याहून रेल्वेने अहमदाबाद गाठा. नवजीवन, हावडा-अहमदाबाद या गाड्या भुसावळ, जळगाव, नंदुरबार, सुरत अशा जातात. अहमदाबादहून भुजला रात्रीच्या रेल्वे आणि बस आहेत, शिवाय सप्टेंबर २०२४ पासून नमो भारत रॅपिड रेल्वे आहे, ती ३५९ किलोमीटरचं अंतर सहा तासांच्या आत कापते. भुजला टॅक्सी ठरवा. तिथले चालक कुठल्या वर्षी कुठे माती दगा देते ते जाणतात, तुमचा जीपीएस जाणत नाही.

भुज ते धोरडो साधारण ८० किलोमीटर. वाटेत भिरंडियारा लागतं, तिथे रणाचा परवाना मिळतो, ऑनलाइनही निघतो. माणशी शंभर रुपयांच्या आसपास आणि गाडीचे वेगळे. प्रत्येकाचं ओळखपत्र मूळ न्या आणि झेरॉक्सही, हा सीमेचा भाग आहे, मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालत बसू नका. भिरंडियाऱ्याचा मावा खा. बन्नी या इथल्या गवताळ भागातल्या म्हशींच्या दुधाचा आहे आणि तो उगाच प्रसिद्ध नाही. डिझेल-पेट्रोल भुजलाच भरून घ्या.

वेळेचं एक गणित लक्षात ठेवा. भुज आपल्यापेक्षा सुमारे साडेसात रेखांश पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य अर्धा तास उशिरा उगवतो आणि अर्धा तास उशिरा मावळतो. आपल्या सवयीने पहाटे निघालात तर थंडीत अंधार बघत बसाल. रणावर दुपारी चारच्या सुमारास पोहोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. भर दुपारी मिठाची चमक डोळ्यांत खुपते आणि फोटो सपाट येतात. फोनचा कॅमेरा पांढरं पाहून सगळं करडं करतो, म्हणून ब्राइटनेसची पट्टी थोडी वर सरकवा. पौर्णिमा साधली तर उत्तम, पण त्या दोन-तीन रात्री तंबूंचे भाव वाढलेले असतात. पौर्णिमा सोडून चार दिवस आधी गेलात तर संध्याकाळी आकाशात चंद्र असतोच, आणि गर्दी कमी.

मिठावर गेल्यावर उभं राहून सेल्फी काढून परतू नका, बसा. पायाखाली काही हात रुंदीच्या, पाच-सहा बाजूंच्या चौकटी दिसतील, कडा बोटभर उचललेल्या. वरचं पाणी उडून उरलेला पाझर जास्त खारा, म्हणजे जड होतो आणि खाली बुडतो. त्याच्या जागी कमी खारं पाणी वर येतं. जिथे जड पाणी खाली उतरतं त्या रेषांवर मीठ जास्त साठतं आणि कडा उभी राहते. एखाद्या फुटलेल्या जागी पापडीचा तुकडा उचलून आडवा बघा. वर चुन्यासारखा पांढरा थर, त्याखाली साखरेएवढे चौकोनी पारदर्शक खडे, आणि त्याच्याखाली लगेच काळा, ओला गाळ, त्याला कुजलेल्या अंड्याचा वास. हे आमच्या साडभाऊंच्या हिरीत नाही.

हातात एक दिवस जास्त असेल तर काळा डुंगर आणि धोलावीरा करा. काळा डुंगर सुमारे ४६० मीटर, कच्छमधला सगळ्यात उंच, वरून रण पसरलेलं दिसतं. वर दत्ताचं देऊळ आहे आणि तिथे कोल्ह्यांना भाताचा प्रसाद घालायची जुनी प्रथा आहे. न्यूट्रलमध्ये गाडी आपोआप चढते म्हणून एक जागा दाखवतात, ती नजरेची फसगत आहे, वेळ घालवू नका. खावडा गावाहून धोलावीराला जाणारा रस्ता मात्र चुकवू नका. रणाच्या मधून सुमारे ३० किलोमीटर सरळ बांध आहे, ओल्या वर्षी दोन्ही बाजूंना पाणी आणि कोरड्या वर्षी दोन्ही बाजूंना मीठ. पुढे हडप्पा संस्कृतीचं नगर, २०२१ पासून जागतिक वारसा. पाणी साठवायची त्यांची टाकी बघा, आपल्या शेततळ्यांच्या योजना आखणाऱ्यांनी तर बघायलाच हवीत.

मीठ तयार होताना बघायचं असेल तर ते मोठ्या रणात नव्हे, लहान रणात, पाटडी-खारघोड्याकडे. अहमदाबादहून जवळ पडतं, येताना होतं. तिथे अगरिया लोक जमिनीतलं खारं पाणी उपसून वाफ्यांत खेळवतात. पाण्याची घनता २५ बॉमेला (खारटपणा मोजायचं माप) पोहोचली की मीठ धरू लागतं, मग रोज दाताळ्याने ते हलवावं लागतं, नाहीतर खडे तळाला चिकटून दगड होतो. रानगाढवंही तिथेच.

आता लोणार. लोणार खराब आहे असं मी कधीच म्हटलं नाही, साडभाऊ तसं सांगत फिरतात ते खोटं. पण लोणार हे मिठाचं मैदान नाही. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे, त्यात बारमाही पाणी आहे आणि त्यात साध्या मिठाबरोबर सोडाही आहे, पीएच दहाच्या आसपास. जून २०२० मध्ये गुलाबी झालं ते खारटपणा वाढून सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे, आणि त्याच वर्षी त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. ते एका दिवसात होतं, एसटीने होतं, आधी ते करा. मग रणाला जा. एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही. मुलांच्या शाळेची अडचण असेल तर २६ जानेवारीला जोडून दोन दिवस रजा काढा, दिवाळीची सुट्टी लोणारला द्या.

ता. क. चामड्याचे बूट नकोत, मीठ शिरून तडकतात. रबरी सँडल न्या आणि रात्रीच गोड्या पाण्याने धुवा. स्वतःची गाडी नेलीच तर भुजमध्ये खालून धुऊन घ्या, ब्रेकच्या आजूबाजूला विशेष, नाहीतर पावसाळ्यापर्यंत गंज दिसेल. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तंबूत त्याहून गार वाटतं, रग न्या. धोरडोनंतर मोठ्या दवाखान्यासाठी भुजच गाठावं लागतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची औषधं दोन दिवस जास्तीची ठेवा. ढंडाला वनखात्याची परवानगी लागते, ती वाटाड्याकरवी आधीच काढून ठेवा. आणि तिथे टपरीसुद्धा नाही, पाणी आणि डबा भुजहूनच.