मुंबईत कर थकलेला फ्लॅट लिलावात घ्यायचा, तर नवख्याने काय पाहावं?

अमेरिकेतल्या काही राज्यांत थकीत कराचं प्रमाणपत्र घेऊन व्याज कमावता येतं. मुंबईत तशी सोय नाही. पालिका जप्तीची नोटीस लावते तेव्हा बरेच मालक लिलावाआधीच पैसे भरतात. म्हणून नवख्याला सरफेसी कायद्याखालचे (कर्ज थकलं की तारण मालमत्ता विकण्याचे) बँकांचे लिलाव जास्त सापडतात. करथकबाकी मात्र तिथेही पाठ सोडत नाही. मालमत्ता कराचा बोजा जागेवर असतो, आणि विक्री होते 'जशी आहे, जिथे आहे' तत्त्वावर, म्हणजे आहे त्या बोजासकट.

बोलीआधी पालिकेच्या संकेतस्थळावर कर-खाते क्रमांक टाकून बाकी बघा. अनेक ठिकाणी बिल अख्ख्या सोसायटीच्या नावे येतं. तिथे सेक्रेटरीकडून कर, मेंटेनन्स आणि व्याजाचा आकडा लेखी घ्या. तोंडी आकड्यावर बोली लावू नका. वकिलाकडून इंडेक्स टूचा (नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सारांशाचा) 30 वर्षांचा सर्च करून घ्या.

बँकेकडचा ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक (फक्त कागदोपत्री), हे नोटिशीत लिहिलेलं असतं. सांकेतिक असेल आणि आत कुणी राहत असेल, तर नवख्याने तो फ्लॅट सोडून द्यावा. स्वस्ताईचं खरं कारण तेच असतं.

खरी फजिती पैशांत होते. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी 25 टक्के (अनामत धरून), उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदतवाढ बँकेच्या लेखी संमतीनेच मिळते. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. गृहकर्ज मंजूर नसेल तर बोली लावूच नका. मुद्रांक शुल्क वेगळं.