ब्रेकरमध्ये गॅस भरायचं काम: मुलाला पाठवू का?

"मुलाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झाला. २२० केव्ही उपकेंद्रात ब्रेकरची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराकडे एसएफ-६ गॅस भरायचं काम मिळतंय. गॅस विषारी असतो म्हणतात. पाठवू का?" – एक पालक, सातारा

नमस्कार. पाठवा, पण आधी चौकशी करून.

एसएफ-६ म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड. ब्रेकर म्हणजे वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच; त्यातली ठिणगी विझवायला हा गॅस भरतात. शुद्ध एसएफ-६ विषारी नाही. तो हवेच्या पाचपट जड असतो, म्हणून गळला की केबल ट्रेंचमध्ये, म्हणजे केबल टाकायच्या चरात, साचतो आणि तिथला ऑक्सिजन हटवतो. वास नसल्यामुळे कळतही नाही. ट्रेंचमध्ये उतरण्याआधी पंखा लावून ऑक्सिजन मीटरने तपासायचं, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही.

विषारी होतो तो वापरलेला गॅस. ब्रेकर वीजप्रवाह तोडताना होणाऱ्या आर्कने, म्हणजे मोठ्या ठिणगीने, गॅसचं विघटन होतं आणि आत पांढरट भुकटी साचते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. म्हणून ब्रेकरचा गॅस भरलेला चेंबर उघडण्याआधी गॅस कार्टने, म्हणजे गॅस खेचून साठवणाऱ्या यंत्राने, पूर्ण काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. मग पूर्ण चेहऱ्याचा मास्क, रबरी हातमोजे आणि एकदाच वापरायचा अंगरखा घालून काम करायचं. भुकटी फुंकून किंवा झाडूने कधीच काढायची नाही.

भरताना होणारी नेहमीची चूक वेगळीच. २० अंशांना ६ बार दाब दाखवणारा साधा गेज थंडीच्या पहाटे १० अंशांना साधारण पावणेसहा दाखवतो. नवखा पोरगा लगेच सिलिंडर जोडतो. गळती नसतेच, तापमान उतरलेलं असतं. कंपनीचा तापमान-दाब तक्ता पाहायचा किंवा गॅसची घनता दाखवणाऱ्या डेन्सिटी मॉनिटरवर विश्वास ठेवायचा. आणि मॉनिटरचा अलार्म खरंच आला, तर नुसती टॉप-अप करून निघून जाणं ही आळशी देखभाल झाली. आधी गळती शोधायची. चेंबर उघडलेला असेल तर आतली हवा काढून व्हॅक्यूम १ मिलिबारच्या खाली नेऊन, तो टिकतो का हे पाहून, मगच गॅस भरायचा.

भवितव्याचं म्हणाल, तर या गॅसची एक किलो गळती सुमारे २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करते. युरोपियन युनियनने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगियरमध्ये (ब्रेकरसारख्या उपकरणांत) तो १ जानेवारी २०२६पासून बंद केला. पण बसवलेले ब्रेकर दशकानुदशकं चालतात. त्यांतला गॅस सांभाळणारा, शेवटी काढून घेणारा माणूस लागणारच. मुलाने सोबत पर्यवेक्षकाचा परवाना काढावा.

कंत्राटदाराला तीन गोष्टी विचारा: गॅस काढून घेणारी कार्ट स्वतःची आहे का, मास्क कोण देतं, आणि सिलिंडरचं आधीचं-नंतरचं वजन वहीत लिहितात का (किती गॅस गेला हे त्यावरून कळतं). ती वही दाखवायला टाळाटाळ झाली, तर दुसरी जागा बघा.