इराणी विद्यार्थ्याला इंग्रजी म्हणी आणि वाक्प्रचार कसे शिकवावेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात शिकायला आलेला एक इराणी मुलगा तुमच्याकडे इंग्रजीसाठी येतो. त्याला आयेल्ट्स, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायची आहे. इंग्रजी म्हणींच्या पुस्तकातून तो रोज वीस म्हणी पाठ करतो, फारसी अर्थासकट धडाधड म्हणून दाखवतो, पण बोलायला बसला की त्यातली एकही जागेवर पडत नाही. आणि तुम्हाला फारसी येत नाही, तेव्हा तुम्ही त्याला शिकवू शकाल का, असाही तुमचा प्रश्न आहे.

शिकवू शकाल, आणि मराठी येत असल्यामुळे जास्त चांगलं शिकवाल. मी पुण्यात कॅम्पात बरीच वर्षं इराणी मुलामुलींच्या शिकवण्या घेतल्या. सुरुवातीला मलाही फारसीचा गंध नव्हता. जी काही येते ती त्या मुलांनीच शिकवली, आणि माझी सगळ्यात मोठी चूकही त्यांच्यामुळेच माझ्या लक्षात आली. ती आधी सांगते, कारण तुमच्या मुलाचं दुखणं तेच आहे.

शिराजची एक मुलगी माझ्याकडे यायची. एकदा तिनं फारसी म्हण सांगितली, ‘यक दस्त सदा नदारद’, म्हणजे एका हाताला आवाज नसतो. मी आनंदानं म्हटलं, अगं, ही तर आमचीच! ‘एका हाताने टाळी वाजत नाही.’ इंग्रजीत ‘इट टेक्स टू टू टँगो’. तिघींची गाठ मारली आणि पुढे गेलो. तिला मराठीची हौस होती, तिनं तीही वहीत टिपून घेतली. दोन आठवड्यांनी शेजारच्या काकूंनी तिला घर बदलताना सामान वर चढवायला मदत केली. हिनं आभार मानताना काकूंना मराठीतून सांगितलं, ‘काकू, एका हाताने टाळी वाजत नाही.’ काकूंचा चेहरा पडला. ‘म्हणजे काय गं? मी कधी भांडले तुझ्याशी?’

ती रडवेली होऊन माझ्याकडे आली तेव्हा मला उलगडा झाला. फारसीत ती म्हण सहकार्याची आहे: एकट्यानं काम होत नाही, हाताला हात लागतो. मराठीत आपण ती भांडणात काढतो, दोघांचाही दोष आहे हे सुचवायला. इंग्रजी ‘टँगो’वाली म्हणसुद्धा बहुतेक वेळा आपल्याच बाजूची, दोष वाटून देणारी. तिला हवी होती ‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’. आणि काकूंना म्हणायला हवं होतं तुकोबांचं ‘एकमेकां साहाय्य करूं’.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली. वेगळी दिसणारी म्हण फसवत नाही, सारखी दिसणारी फसवते. म्हणून शब्दाला शब्द लावायचाच नाही. मुलाला विचारायचं, ‘ही तुमच्याकडे कोण, कुणाला, कधी म्हणतं? म्हणताना राग असतो, माया असते, की टोमणा?’ तो प्रसंग सांगेल. त्या प्रसंगात इंग्रज माणूस काय म्हणेल हे तुम्ही सांगायचं. फारसी आणि इंग्रजी यांच्या मध्ये प्रसंग ठेवला की फारसी न येण्याची तुमची अडचण उरतच नाही.

काही जोड्या सुदैवानं प्रसंगालाही जुळतात, आणि त्यांनी सुरुवात केली की मुलाला धीर येतो. ‘झीरे बे केरमान बोर्दन’ म्हणजे केरमानला जिरं नेणं. केरमान हे आग्नेय इराणातलं शहर जिऱ्यासाठी प्रसिद्ध. इंग्रजीत न्यूकॅसलला कोळसा नेतात, कारण तिथून शतकानुशतकं बोटी भरभरून कोळसा बाहेर जायचा. मी समजावताना कोकणात नारळ घेऊन जाणं म्हणते. (झीरे आणि जिरं ऐकून मुलं नेहमी हसतात.) ‘जूजे रा आखरे पाईज मीशोमारंद’ म्हणजे पिल्लं शरदाच्या अखेरीला मोजतात, इंग्रजीत अंडी उबण्याआधी पिल्लं मोजू नका म्हणतात, आपण बाजारात तुरी म्हणतो. मांजराचा हात मांसापर्यंत पोचत नाही म्हणून ते ‘पीफ, पीफ, वास येतोय’ म्हणतं, तेच इंग्रजांचे आणि आपले आंबट द्राक्ष. आणि माझी आवडती: ‘दीवार मूश दारे, मूश हम गूश दारे’. भिंतीत उंदीर आहे, आणि उंदरालाही कान आहेत. आपण आणि इंग्रज भिंतीलाच कान देऊन मोकळे होतो, इराण्यांनी मध्ये उंदीर घालून यमक साधलं.

एक म्हण मात्र घाईनं शिकवू नका: ‘नूशदारू पस अज मर्गे सोहराब’, म्हणजे सोहराब गेल्यावर नूशदारू, जखमा बऱ्या करणारं औषध. फिरदौसीच्या शाहनाम्यात रुस्तुम नकळत आपल्याच मुलाला, सोहराबला, रणांगणात घायाळ करतो. ओळख पटल्यावर तो राजाकडे नूशदारू मागायला माणूस धाडतो, राजा ते नाकारतो, आणि रुस्तुम स्वतः निघतो तोवर मुलगा गेलेला असतो. मला वाटायचं हे आपल्या ‘बैल गेला नि झोपा केला’चं भावंड, आणि इंग्रजीत घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. पण त्या दोन्ही म्हणी बंदोबस्ताच्या आहेत, त्यांत निष्काळजीपणावर बोट आहे. नूशदारूत दुःख आहे. औषध होतं, पण वेळ गेली. तिथे इंग्रजीत साधं ‘टू लिटल, टू लेट’ चालतं, किंवा नुसतं ‘इट केम टू लेट’. मुलाकडून ती गोष्ट इंग्रजीत सांगून घ्या. प्रत्येक इराणी मुलाला ती ठाऊक असते, आणि आपल्या जीवाभावाचं सांगताना माणूस व्याकरणाची भीती विसरतो.

आता परीक्षेबद्दल. आयेल्ट्सच्या बोलण्याच्या परीक्षेत सात बँडच्या वर्णनात ‘इडिओमॅटिक’ शब्दसंपत्ती असा उल्लेख आहे, आणि त्यामुळे मुलं म्हणींच्या मागे लागतात. तिथे म्हणी अपेक्षित नाहीत. इंग्रज माणसाच्या तोंडी ज्या शब्दाशेजारी जो शब्द येतो तो यावा, एवढंच त्याचं म्हणणं. पाऊस पडला की ‘कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणणारा मुलगा पाठांतर केलेला वाटतो. ‘इट वॉज पोरिंग’ म्हणणारा भाषा जाणणारा वाटतो. रोजच्या वीस म्हणी बंद करायला सांगा. आठवड्याला दोन पुरेत.

त्या वेळात क्रियापदं घ्या. खरी गंमत आणि खरी अडचण तिथे आहे, आणि मराठी माणूस तिथे कुणाही इंग्रज शिक्षकाच्या पुढे असतो.

फारसीत साधी एकशब्दी क्रियापदं त्या मानानं थोडी. नाम घ्यायचं आणि त्याला खाणं, मारणं, देणं, करणं, घेणं यांतलं एक जोडायचं. ‘खोर्दन’ म्हणजे खाणं. जमीन खाणं म्हणजे पडणं. गारठा खाणं म्हणजे सर्दी होणं. दुःख खाणं म्हणजे झुरणं. पराभव खाणं म्हणजे हरणं. युरोपातल्या माणसाला हे विचित्र वाटेल. आपण मार खातो, बोलणी खातो, भाव खातो, कच खातो, डोकं खातो, पैसे खातो आणि संध्याकाळी हवाही खातो! ‘जदन’ म्हणजे मारणं (यातला ज ‘जमीन’मधला). ‘हर्फ जदन’, शब्द मारणं, म्हणजे बोलणं. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, फेरी मारतो, मिठी मारतो, दांडी मारतो. पहिल्यांदा एका मुलाला मी ही यादी म्हणून दाखवली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. त्याला वाटत होतं की जगात फक्त फारसीच अशी आहे.

इथून इंग्रजीकडे पूल बांधता येतो. इंग्रजीतही हॅव, टेक, गिव्ह, मेक, डू हेच काम करतात, फक्त कुणाशी कुणाचं लग्न लागलंय ते वेगळं. म्हणून यादी जोडीनंच पाठ करायची. फारसीत सर्दी खातात, इंग्रजीत ‘कॅच’ करतात. फारसीत आणि मराठीत चूक करतात, म्हणून दोघांच्याही तोंडून ‘डू अ मिस्टेक’ निसटतं, हवं ‘मेक’. फारसीत आणि मराठीत परीक्षा देतात, ‘एम्तेहान दादन’. इंग्रजीत परीक्षार्थी ती ‘टेक’ करतो. ‘आय गेव्ह माय एक्झाम’ भारतात सगळ्यांना कळतं, पण या मुलाला पुढे कॅनडाला किंवा इंग्लंडला जायचं असेल, तर आत्ताच सुधारलेलं बरं. फोटो फारसीत ‘घेतात’, इंग्रजीतही ‘टेक’. तिथे आपण काढतो, तेव्हा तुम्हीच जपा.

विशेषणांचंही तेच. मुलाला चहा करून द्या आणि विचारा, कसा आहे? इराणी चहा बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात, आणि त्याची प्रत रंगावरून ठरते: ‘पोर्रंग’ म्हणजे गडद रंगाचा, ‘कमरंग’ म्हणजे फिका. तो हमखास ‘फुल कलर टी’ म्हणेल. मराठीत आपण चहा कडक म्हणतो, इंग्रजीत ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’. त्याला पेला हातात धरूनच तिन्ही शब्द म्हणायला लावा. मी हे बरेचदा केलंय. हातात पेला असताना शिकलेला शब्द कुणी विसरलेलं मला आठवत नाही.

मग शरीर. फारसीत ‘देल’ म्हणजे हृदय, आणि बोलीत पोटही. ‘देलम दर्द मीकोने’ म्हणजे बहुतेकदा पोट दुखतंय. एक मुलगा डॉक्टरांकडे ‘माय हार्ट इज पेनिंग’ म्हणून गेला आणि त्याचा थेट ईसीजी काढला गेला. त्याला कालचं जेवण बाधलं होतं! कुणाची आठवण आली की फारसीत ‘देलम बरात तंग शोदे’, माझं हृदय तुझ्यासाठी तंग झालंय. आपला ‘तंग’ तोच. इंग्रजीत याचं फक्त ‘आय मिस यू’ होतं, आणि मुलांना ते कोरडं वाटतं. ‘एवढंच?’ असं मला पुष्कळांनी विचारलंय. हो, एवढंच. ती हळहळ रास्त आहे, तिला जागा द्या.

तसंच सौजन्याचं. काम करून दिलं की ‘दस्तेत दर्द नकोने’, तुझा हात न दुखो. दमलेल्याला ‘खस्ते नबाशीद’, थकू नका. कार्यक्रमाला न आलेल्याला ‘जात खाली’, तुझी जागा रिकामी होती. यांचं शब्दशः इंग्रजी करून मुलं बोलतात आणि समोरचा गोंधळतो. ‘थँक्स, दॅट वॉज काइंड ऑफ यू’, ‘यू मस्ट बी टायर्ड’, ‘वुई मिस्ड यू’ हे द्या.

तुम्ही स्वतः एका बाबतीत सावध राहा. मराठीत फारसी शब्द इतके आहेत की ओळखीचा शब्द ऐकून आपण अर्थ गृहीत धरतो. ‘हरकत’ फारसीत म्हणजे हालचाल, आक्षेप नव्हे. ‘दफ्तर’ म्हणजे वही किंवा कार्यालय, शाळेची पिशवी नव्हे. ‘तमाशा कर्दन’ म्हणजे नुसतं पाहणं. ‘रोज रात्री आईबरोबर तमाशा करतो’ म्हणाला तर तो टीव्हीबद्दल बोलतोय. शंका आली तर माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियनांचा, १९२५ सालचा फारसी-मराठी कोश मोठ्या ग्रंथालयात पाहा. ते स्वतः फारसीचे प्राध्यापक होते.

इंग्रजीतले मूळ फारसी शब्दही एका तासात सांगून टाका: बाजार, कॅराव्हॅन, खाकी, पायजमा, आणि ‘चेकमेट’, म्हणजे शाह मात. उपयोग थोडा, पण परक्या भाषेत आपलं माणूस भेटल्यासारखं त्यांना वाटतं.

बाकी लहानसहान. ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होईल, कारण फारसी शब्द जोडाक्षरानं सुरू होत नाहीत. ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल होईल, कारण फारसीत दोघांनाही एकच ‘ऊ’. दर वेळी टोकू नका, बोलणं संपल्यावर सांगा.

पुढच्या तासाला त्याला ते जाड पुस्तक घरी ठेवून कोरी वही आणायला सांगा. पहिल्या पानावर ‘खोर्दन’ लिहायचं आणि त्याला आठवतील तेवढे, फारसी माणूस ‘खातो’ पण जे खाण्याचे पदार्थ नाहीत, ते सगळे त्याखाली. शेजारी तुमचं मराठी ‘खाणे’ तुम्ही लिहा, तिसरा रकाना दोघांनी मिळून इंग्रजीनं भरा. दुसऱ्या पानावर ‘जदन’. दोन्ही पानं भरायला माझ्या अनुभवात दीड तास लागतो, आणि त्या दीड तासात मुलगा आपोआप इंग्रजीतच बोलत असतो, कारण तुम्हा दोघांमध्ये दुसरी भाषाच नाही.