आधी रिकामी पारडी दाखव

अगं, काल रात्री तुझे फोटो बघितले. फळमाशांची अकरा आतडी, स्टेम सेल दाखवणारा हिरवा रंग सगळीकडे चमकतोय, आणि खाली तू लिहिलंयस, "सर, दोन बॅचमध्ये सेल वाढलेत, तिसऱ्यात नाही, तिसरी सोडून देऊ का, का विषयच बदलू?" कंट्रोलचा, म्हणजे जीनला हात न लावलेल्या माशांचा, एकही फोटो नाही. चहा तसाच ठेवून परत वरनं खालपर्यंत बघितलं, म्हटलं माझ्याच नजरेतनं सुटलं असेल. नाही, नव्हताच.

तू खानापूरकडची, मराठी शाळेतनं निघून पार बेंगलोरच्या लॅबमधे पोचलीस, तुला धीर द्यायला मी लिहीत नाहीये. मला राग आलाय. थोडा तुझा, जास्त माझाच.

आमचे बाबा रताळी घेऊन बेळगावच्या मार्केटला जायचे. पोतं काट्यावर चढवायच्या आधी व्यापाऱ्याला म्हणायचे, आधी रिकामी पारडी दाखव, पासंग किती ते कळू दे. व्यापारी वैतागायचा, मागची माणसं ओरडायची, बाबा हलायचे नाहीत. कंट्रोल म्हणजे दुसरं काय गं? रिकामी पारडीच की.

आता माझं ऐक. 2011 च्या सुमारास मी पण हेच करत होतो, एस्कार्गो ड्रायव्हर, म्हणजे आतड्यातल्या स्टेम सेलमधे गॅल4 हा जीनचा स्विच बसवलेल्या माशा, त्यावर गॅल80 टीएस, म्हणजे थंडीत गॅल4 ला दाबून ठेवणारं प्रथिन, माशा 18 डिग्रीला वाढवायच्या, मोठ्या झाल्या की 29 ला टाकायच्या म्हणजे गॅल80 झोपतं आणि गॅल4 कामाला लागतं. 18 ला अंड्यापासून माशी व्हायला वीसेक दिवस, घरी आलो की आई विचारायची, "चिलटं घेऊन काय करालास रे तिकडं?" माशा मारतोय म्हणायचो, खोटं पण नव्हतं. तर माझ्या जीनच्या माद्यांत स्टेम सेल जवळजवळ दुप्पट विभागत होते, सुंदर ग्राफ, गाईड खूश. तीन वर्षं त्यावर गेली. मग एका ज्युनियर पोराने तेच परत केलं आणि फरक गायब. का? माझ्या जीनच्या माद्या नरांसोबत एकाच वायलमधे, म्हणजे बाटलीत, होत्या, आणि कंट्रोलच्या माद्या मी व्हर्जिन, म्हणजे नराला न भेटलेल्या, गोळा करून वेगळ्या ठेवलेल्या, कारण त्या दुसऱ्या क्रॉसला, संकराला, लागणार होत्या. सोय बघितली, बाकी काही नाही.

2015 ला पेपर आला, मादीचं मीलन झालं की ज्युवेनाइल हार्मोनमुळे आतड्यातले स्टेम सेल जास्त विभागतात, आतडंच मोठं होतं, अंडी घालायला अन्न लागतं ना. मी वाचला आणि पहिल्यांदा वाटलं, बघा, तेव्हा कुणाला माहीत होतं! पण दोन वायल सारख्या ठेवायला पेपर कशाला लागतोय? बाबांना पण पासंगाचं कारण माहीत नसायचं, दोरी वाकडी, दांडा वाकडा, काय का असेना, ते फक्त रिकामी पारडी मागायचे.

तर फरक गायब झाला तेव्हा गाईड म्हणाले, तरी पेपर पाठवूया. मी नाही म्हटलं. भांडण झालं, थीसिस एका बारक्या तुकड्यावर संपवली आणि बेळगावला येऊन कॉलेजात शिकवायला लागलो. लोक म्हणतात पळून आला. म्हणोत. मी पळालो नाही, माझं नाव त्या ग्राफखाली यायला नको होतं इतकंच, आणि हे तुला का सांगत बसलोय कुणास ठाऊक.

असो. तुझ्याकडे येतो. हिरवं दिसलं म्हणजे स्टेम सेल नव्हे, एस्कार्गो एंटेरोब्लास्टमधे, म्हणजे स्टेम सेलपासून निघालेल्या अर्धवट पिल्लांमधे, पण चालू असतं. डेल्टा या स्टेम सेलच्या प्रथिनाचा स्टेन कर तेव्हा कळेल खरे स्टेम सेल किती. विभागतायत का बघायचं तर फॉस्फो हिस्टोनचे ठिपके, ते विभागणाऱ्या सेलमधेच दिसतात, अख्ख्या मिडगटमधे, म्हणजे मधल्या आतड्यात, मोज. हिरवं मोजायचं असेल तर रीजन ठरव, तुझा तिसरा फोटो मागच्या भागाचा वाटतोय आणि सातवा अगदी पुढचा, दोन्हीकडची चाल वेगळी असते, असली तुलना कशी चालेल? सोबत नॉच जीनची आरएनएआय, म्हणजे तो जीन गप्प करणं, चालव, नॉच कमी केलं की स्टेम सेलचे घोळकेच्या घोळके दिसायला पाहिजेत, ते पण नाही दिसले तर तुझा सेटअपच झोपलाय.

आणि तिसरी बॅच सोडायची नाही. वही उघड. त्या आठवड्यात लाईट गेलेली का, फूड नवीन उकळलेलं का जुनं, माद्या किती दिवसांच्या, नर होते का नव्हते. वहीत नसेल तर मला फोन करू नको, आधी वही सुधार.

शनिवारी ड्रायव्हरच्या व्हर्जिन गोळा करशील ना, फिकट अंग, पोटात तो काळा ठिपका दिसतो त्याच घे, शंका असेल ती सोड. त्यातल्या अर्ध्या तुझ्या आरएनएआयच्या नरांना, अर्ध्या डब्ल्यू 1118 च्या, म्हणजे कंट्रोलच्या साध्या जातीच्या, नरांना, त्याच दिवशी, त्याच फूडवर, एकाच ट्रेमधे. त्यांच्या पोरी निघाल्या की दोन्हीकडे तितकेच नर आणि तितकेच दिवस. मग 29 ला.

फोटो पाठव, पण पहिल्यांदा फक्त कंट्रोलचे. तुझ्या जीनचे नंतर मागेन. आणि रात्री अकरानंतर नको, फोन वाजला की ही उठते आणि मग मला ऐकावं लागतं.