‘श्वास सोडणे’ला दुसरे शब्द कोणते आणि ते कुठे वापरायचे?

अगदी सरळ, भावनेविना पर्याय हवा असेल तर ‘श्वास बाहेर टाकणे’. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उच्छ्वास’, प्राणायामात ‘रेचक’ (आत घेणं पूरक, रोखून धरणं कुंभक). पण रेचक म्हणजे जुलाबाचं औषधही, तेव्हा जरा जपून!

बाकीचे शब्द नुसती हवा सोडत नाहीत, मनातलंही काही बाहेर टाकतात. ‘निःश्वास’ बहुतेक वेळा सुटकेचा: मुलगी सुखरूप पोचल्याचा फोन आला आणि आईने सुटकेचा निःश्वास टाकला. तेच बोलताना आपण ‘हुश्श केलं’ म्हणतो. जिना चढून आलेली आजी पिशवी खाली ठेवत करते, तेच ते हुश्श. ‘सुस्कारा’ दोन्हीकडे चालतो, सुटकेचा आणि हताशपणाचाही. ‘उसासा’ मात्र दुःखाचा, विरहाचा. गंमत म्हणजे तो ‘उच्छ्वास’ याच शब्दाचं झिजलेलं रूप. मूळ शब्द प्रयोगशाळेत राहिला, झिजलेला कवितेत गेला.

मुद्दाम तोंडाने हवा सोडली की क्रियापद बदलतं. चूल फुंकतात, पण गरम दुधावर किंवा खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालतात. नाग फूत्कार टाकतो.

आणि हो, ‘प्राण सोडणे’ इथे समानार्थी म्हणून वापरू नका, तो थेट मृत्यू. तिथे आपण ‘अखेरचा श्वास घेतला’ असंही म्हणतो, खरं तर तो सोडलेला असतो!